लेझर डायोडचा घरी बनवलेला ड्रायव्हर: मीटर ३० मिलीअँपिअर बरोबर दाखवतो, तरी दोन डायोड गेले

भौतिकशास्त्रवाली_कराड | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

मी कराडजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गेले दोन आठवडे एका सर्किटवर अडकले आहे. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा मूळ विषय नाही, पण सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर रोजच्या वापरात आहे.

आधी हे कशासाठी चाललंय ते सांगते. बारावीच्या मुलांना मॅलसचा नियम हातात देऊन दाखवायचाय. दोन पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या काचा, समोरासमोर ठेवायचे, एक फिरवायचा, आणि कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे प्रकाश कसा उतरतो ते मोजायचं. मोजायला बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड घेतलाय, त्याला उलट दिशेने ९ व्होल्टची बॅटरी आणि १०० ओमचा रेझिस्टर. रेझिस्टरवर जे मिलीव्होल्ट येतात ते मुलं वहीत लिहितात. प्रकाशासाठी पितळी नळीतलं ६५० नॅनोमीटरचं लाल लेझर मॉड्यूल, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं तसलं. ते मी फोनच्या चार्जरवर चालवत होते.

अडचण अशी की तासाच्या सुरुवातीला शून्य अंशावर घेतलेलं वाचन आणि शेवटी त्याच शून्य अंशावर घेतलेलं वाचन यांत कधी २० टक्के, कधी त्याहून जास्त फरक. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग यातलं खरं कोणतं धरायचं?" त्या प्रश्नाने मला घरी झोप लागेना.

मॉड्यूल उघडून पाहिलं. आत डायोडच्या मागे नखाएवढ्या पट्टीवर एकच चिप रेझिस्टर, त्यावर '९१०' लिहिलेलं, म्हणजे ९१ ओम. डायोडवर २.२ व्होल्ट पडतात. (५ − २.२) ÷ ९१, म्हणजे साधारण ३१ मिलीअँपिअर. चार्जरचा व्होल्टेज हलला की करंटही हलणारच. म्हणून ठरवलं की स्थिर करंट देणारा ड्रायव्हरच बनवायचा.

एलएम३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर घेतला. त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये तो कायम १.२५ व्होल्ट राखतो, तेव्हा तिथे ४२ ओमच्या आसपास रोध ठेवला की ३० मिलीअँपिअर मिळतात. १०० ओमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, लावला आणि फिरवून ३० वर आणला. इनपुटला ९ व्होल्टचा अडॅप्टर. डायोडला झटका बसू नये म्हणून आउटपुटवर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. मीटर आउटपुटला लावला तर ३०.१ मिलीअँपिअर, दहा मिनिटं ढिम्म हलत नाही. मला फार आनंद झाला.

मॉड्यूलमधला ९१ ओमचा रेझिस्टर काढला आणि डायोड थेट या ड्रायव्हरला जोडला. लागला, पण भिंतीवरचा ठिपका पहिल्यापेक्षा खूपच मंद. मीटर म्हणतो ३०.१. डायोडवर व्होल्टेज २.२, तेही बरोबर. दुसरा डायोड घेतला. या वेळी डायोडच्या मालिकेतच मीटर ठेवला, म्हणजे सगळं डोळ्यांसमोर राहील. तो पाचएक सेकंद छान लागला, मग तोही तसाच मंद झाला. मीटर तेव्हाही ३०.१ दाखवत होता.

दुकानदाराने खराब माल दिला असं मला वाटत नाही, दोन्ही डायोड आधी चार्जरवर महिनाभर चालले होते. तिसरा डायोड लावायची हिंमत होत नाहीये. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

सर्किट_सांगली | रविवार, रात्री १०.५२

मॅडम, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे फार अनुभव नाही. तीन गोष्टी विचारतो.

डायोड जोडला तेव्हा अडॅप्टर चालू होता का? ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ड्रायव्हरच्या बोर्डवर आहे की डायोडच्या पायांवर? आणि आउटपुटला काहीही जोडलेलं नसताना तिथे व्होल्टेज किती येतो?

भौतिकशास्त्रवाली_कराड | रविवार, रात्री ११.१०

आत्ताच मोजलं. रिकाम्या आउटपुटवर ७.६ व्होल्ट. कपॅसिटर ड्रायव्हरच्या बोर्डवर आहे. पहिल्या वेळी अडॅप्टर चालूच होता: मीटरच्या मगर-क्लिपा काढल्या आणि त्याच डायोडला लावल्या. दुसऱ्या वेळी मात्र सगळं आधी जोडून मगच अडॅप्टर लावला होता. म्हणूनच दुसऱ्याचं कोडं सुटत नाही.

तांब्याची_तार | सोमवार, सकाळी ६.४०

ताई, तुमचे डायोड का गेले हे तुम्हीच ११.१० ला लिहून ठेवलंय. सांगलीच्या मुलाने नेमकं बोट ठेवलं, शाबास.

मी पुण्यात एका प्रकाशिकीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. लेझर डायोडचे ड्रायव्हर बनवणं, दुरुस्त करणं आणि मेलेल्या डायोडांचा पंचनामा करणं, यात माझी बरीच वर्षं गेली. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारखीच गफलत मी हुशार माणसांकडून पुन्हापुन्हा झालेली पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो.

स्थिर करंटचा ड्रायव्हर रिकामा ठेवला की तो स्वस्थ बसत नाही. त्याला ३० मिलीअँपिअर ढकलायचेच असतात. वाट मिळत नाही म्हणून तो व्होल्टेज चढवत नेतो, पार छतापर्यंत. तुमच्याकडे ते छत ७.६ व्होल्ट. आणि तिथे तुम्ही ४७ मायक्रोफॅरडचा हंडा ठेवलेला, तो काठोकाठ भरला. आता त्याला २.२ व्होल्टचा डायोड टेकवला. हंडा रिकामा होताना मध्ये अडवायला एलएम३१७ नाही, पॉटही नाही. फक्त डायोडचा स्वतःचा रोध आणि तारांचा, मिळून चार-पाच ओम. (७.६ − २.२) ÷ ५, म्हणजे एक अँपिअरहून जास्त. तीस मिलीअँपिअरच्या जिवाला तीसपट. तेही मायक्रोसेकंदांत वर जाऊन काही शे मायक्रोसेकंदांत ओसरणारं. तुमचा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्याला यातलं काय दिसणार? त्याने खोटं सांगितलं नाही. तो पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

आता दुसरा डायोड. सगळं आधी जोडलं होतं, हे बरोबरच केलंत. पण जोडलं होतं मगर-क्लिपांनी, आणि मध्ये मीटर, म्हणजे चार सांधे. त्यातला एक सांधा क्षणभर सुटला तर काय होतं याचा हिशेब करा. कपॅसिटरला २.२ वरून ७.६ वर चढायला ५.४ व्होल्ट हवेत. ४७ मायक्रोफॅरड गुणिले ५.४, भागिले ३० मिलीअँपिअर: साडेआठ मिलीसेकंद. टेबलाला गुडघा लागला, क्लिप साडेआठ मिलीसेकंद उचलली गेली आणि परत टेकली, की हंडा पुन्हा भरलेला. पाच सेकंद छान चालून मग मंद झाला म्हणता ना, मला खात्री आहे की तेव्हा कुठलीतरी क्लिप हलली.

झटका बसू नये म्हणून घातलेल्या कपॅसिटरनेच झटका दिला. कपॅसिटर हवाच, पण तो बोर्डवर नाही, डायोडच्या पायांना सोल्डर करून, कायमचा. मग तार कुठेही सुटली तरी कपॅसिटर डायोडसोबत राहतो, त्याचा व्होल्टेज डायोडच्या वर कधी जातच नाही.

आत काय मोडलं तेही सांगतो, मुलांना सांगण्यासारखं आहे. हा स्फटिक मिठाच्या खड्याहून लहान. त्याच्या तोडलेल्या दोन गुळगुळीत कडा हेच लेझरचे दोन आरसे. प्रकाश बाहेर पडतो ती जागा जेमतेम १ मायक्रोमीटर उंच आणि ३ मायक्रोमीटर रुंद. तिथून ५ मिलीवॅट निघतात म्हणजे चौरस सेंटीमीटरच्या हिशेबाने दीड लाख वॅटच्या वर झाले. ऐकायला पाच मिलीवॅट किरकोळ वाटतात, पण त्या कडेवर आधीच एवढी आग असते. करंट तीसपट झाला की कड प्रकाश शोषून तापते, तापली की आणखी शोषते, आणि वितळते. आरसा गेला. राहिलेला स्फटिक धडधाकट, म्हणून व्होल्टेज २.२ च येतो, करंटही ३० च जातो. पण आरशाशिवाय तो लेझर नाही, साधा लाल एलईडी आहे.

खात्री करायचीय? दोन्ही मेलेले डायोड अंधारात पांढऱ्या कागदावर पाडून बघा. जिवंत लेझरचा ठिपका कणीदार तुपासारखा रवाळ दिसतो, डोकं हलवलं की ते दाणे सरकतात. मेलेल्याचा ठिपका सपाट असतो, रंग लावल्यासारखा. दाणे नसतील तर आशा सोडा.

हा झटका मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो नोकरीच्या पहिल्या वर्षी. माझाही एक डायोड असाच गेला होता, तुमच्या मॉड्यूलपेक्षा कितीतरी महाग, बाहेरून मागवलेला. मी दिवसभर सगळ्यांना सांगत होतो की करंट बरोबर होता. संध्याकाळी आमच्या साहेबांनी मला शेजारी बसवलं. डायोडच्या जागी साधे डायोड आणि १ ओमचा रेझिस्टर लावला, रेझिस्टरवर ऑसिलोस्कोप, म्हणजे झरझर बदलणारा व्होल्टेज काचेवर काढून दाखवणारं यंत्र. तेव्हा चित्र धरून ठेवणारा स्कोप आमच्याकडे नव्हता. त्यांनी खोलीतले दिवे मालवले आणि क्लिप बोटाने टेकवत राहिले, टिक, टिक, टिक. प्रत्येक टिकेला काचेवर एक हिरवी सुई उभी राहायची आणि विझायची. साहेब काही बोलले नाहीत. आठ-दहा वेळा टेकवून मग म्हणाले, "मोज." सुई एक व्होल्टच्या वर जात होती. एक ओमवर एक व्होल्ट. त्या दिवसापासून चालू ड्रायव्हरला मी कधी डायोड टेकवलेला नाही.

आता बांधायचं कसं.

पॉट एकटा ठेवू नका. तो चुकून शून्याकडे फिरला तर एलएम३१७ दीड अँपिअरपर्यंत देऊ शकतो. ३३ ओमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या मालिकेत १०० ओमचा बरेच वेढे फिरणारा ट्रिमपॉट. मग पॉट कसाही फिरवा, करंट ९ ते ३८ मिलीअँपिअरच्या बाहेर जाणार नाही. डायोडच्या मालिकेत आणखी २२ ओम टाका. डायोडच्या पायांवर, अगदी मुळाशी, १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड. तिथेच १एन४१४८ हा छोटा साधा डायोड उलटा लावा, कारण लेझर डायोडला उलटे दोनएक व्होल्टसुद्धा सोसत नाहीत. अडॅप्टर सोडून ९ व्होल्टची बॅटरी घ्या. त्याच लाइनवर पंखा किंवा ट्यूबलाइट सुरू झाली की अडॅप्टरमधून काय येईल त्याची शाश्वती नाही. बॅटरी सात व्होल्टपर्यंत उतरली तरी हे सर्किट हलणार नाही: २.२ डायोडचे, १.२५ संदर्भाचे, पाऊण व्होल्टच्या आत २२ ओमचा, आणि उरलेले पावणेतीन एलएम३१७ ला पुरतात.

आणि एक छोटा स्विच डायोडच्या दोन्ही टोकांवर, म्हणजे बंद केला की डायोड शॉर्ट. स्थिर करंटच्या स्रोताला शॉर्टचं भय नसतं, ३० मिलीअँपिअर स्विचमधून फिरत राहतात. आधी शॉर्ट, मग बॅटरी, दोन श्वास थांबा, मग शॉर्ट उघडा. करंट कपॅसिटर भरत भरत डायोडमध्ये शिरतो, एकदम आदळत नाही. बंद करताना उलट: आधी शॉर्ट, मग बॅटरी काढा.

तपासणी मात्र खऱ्या डायोडवर करू नका. १एन४००७ हे साधे डायोड तीन घेऊन मालिकेत जोडा. ३० मिलीअँपिअरला प्रत्येकी ०.७ च्या आसपास पडतात, तिन्हींचे मिळून जवळपास २.२ व्होल्ट, लेझर डायोडची हुबेहूब नक्कल. खाली १ ओमचा एक टक्क्याचा रेझिस्टर. त्यावर जितके मिलीव्होल्ट तितके मिलीअँपिअर. मीटर मालिकेत घालायची गरजच संपली आणि त्याबरोबर ते चार सांधेही. हा १ ओम नंतर खऱ्या डायोडखालीही तसाच राहू द्या.

या नकली भारावर बोर्ड अर्धा तास चालवा. टिचकी मारा, तारा हलवा, पॉट या टोकापासून त्या टोकाला न्या. आकडा उडी मारत असेल तर तिथे सांधा कच्चा आहे, पुन्हा सोल्डर करा. ब्रेडबोर्डवर लेझर डायोड कधीच नको, त्याच्या भोकांचा भरवसा नाही. मग बॅटरी काढा, कपॅसिटर शॉर्ट करा, नकली भार उतरवा, खरा डायोड सोल्डर करा, पॉट सर्वांत कमी करंटवर आणा आणि तिथून हळूहळू चढा.

सोल्डरिंगबद्दल एक. साध्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला अर्थिंग नसतं आणि तिथे गळतीचा व्होल्टेज असू शकतो. आम्ही आयर्न तापवून प्लग सॉकेटमधून उपसून काढायचो आणि त्या उरलेल्या उष्णतेत दोन पाय जोडून घ्यायचो. आणि डायोड हातात घेण्याआधी अर्थ असलेल्या धातूला हात लावा, विशेषतः थंडीत. जानेवारीत स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो तो हजारो व्होल्टचा असतो. डायोड सुटा असेल तर त्याच्या पायांना तांब्याची बारीक तार गुंडाळून ठेवायची, जोडून झाल्यावरच सोडायची. माझं इथलं नाव त्या तारेवरूनच आहे.

रेडिओदुरुस्ती | सोमवार, सकाळी ९.०५

तारवाले काका, सगळं पटलं, पण एक विचारतो. मॅडमच्या मूळ मॉड्यूलमध्ये ९१ ओम होताच. अडॅप्टरनंतर एक ७८०५ टाकला असता तर ५ व्होल्ट पक्के झाले असते आणि करंटही आपोआप स्थिर राहिला असता. एवढ्या खटाटोपाची गरज होती का?

तांब्याची_तार | सोमवार, सकाळी ९.३०

बरोबर आहे तुमचं, आणि ते मीच आधी सांगायला हवं होतं. डायोडचा व्होल्टेज तापमानाला अंशामागे दोन-तीन मिलीव्होल्टच सरकतो, ९१ ओमवर त्याने काही बिघडत नाही. नुसत्या मॅलसच्या प्रयोगाला ७८०५ आणि ९१ ओम पुरेसे आहेत. ताईंना तेवढंच हवं असेल तर त्यांनी तेच करावं.

पण एलएम३१७ ने एक गोष्ट जास्तीची मिळते: करंट फिरवता येतो, आणि त्यातून लेझर कधी 'पेटतो' ते दिसतं. या डायोडांना उंबरठा असतो, बहुधा २० मिलीअँपिअरच्या आसपास. त्याच्या खाली नुसती लाली. उंबरठा ओलांडला की पुढचा प्रत्येक मिलीअँपिअर थेट लेझरमध्ये जातो. चार्जर ५ वरून ४.७ व्होल्टवर आला तर करंट ३१ वरून साडेसत्तावीसवर येतो, अकरा टक्के कमी. पण उंबरठ्याच्या वरचा भाग ११ वरून साडेसातवर येतो, म्हणजे प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश गेला. ताईंची वाचनं का जुळत नव्हती त्याचं उत्तर इथे आहे. वर डायोड तापला की उंबरठाही चढतो. म्हणून दहा मिनिटं चालू ठेवून मगच पहिलं वाचन घ्या.

नेत्र_नाशिक | सोमवार, दुपारी २.२०

मी नाशिकला डोळ्यांचा दवाखाना चालवते. सर्किटमधलं मला कळत नाही, पण शाळा-कॉलेजातलं आहे म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१ ते ५ मिलीवॅटचा दिसणारा लेझर हा लेझरच्या सुरक्षा-वर्गांपैकी ३आर वर्गात येतो. पापणी पाव सेकंदात मिटते आणि बहुतेक वेळा तीच वाचवते. धोका मुद्दाम रोखून पाहण्यात असतो. माझ्याकडे एका आईने बारा वर्षांच्या मुलाला आणलं होतं. "मी किती वेळ न मिटता बघू शकतो" असा खेळ मित्रांत झाला होता. त्याला दुखत नव्हतं, डोळा लालही नव्हता. फक्त वाचताना जिथे नजर लावेल तेच अक्षर पुसलेलं दिसायचं. डोळ्याचं भिंग सगळा प्रकाश नेमका दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर गोळा करतं, आणि तिथल्या पेशी पुन्हा येत नाहीत. त्याची नजर पुढे थोडी सुधारली, पूर्ण नाही.

म्हणून मॅडम, किरण बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येणार नाही असं टेबल मांडा. किरणाच्या शेवटी काळा खरबरीत कागद असू द्या. मुलांच्या हातातली घड्याळं, अंगठ्या, स्टीलच्या पट्ट्या बाजूला ठेवायला सांगा, परावर्तित किरणही तितकाच सरळ येतो. पोलरॉइडच्या काचेवरूनही येतो, तो कुठे जातोय ते आधी शोधून ठेवा. आणि कोणी उत्साहाने डीव्हीडी रायटरमधला डायोड काढून आणला तर तो या प्रयोगात घेऊ नका, त्याची ताकद कितीतरी पट जास्त असते आणि तिथे पापणी वेळेत मिटत नाही. जुन्या सीडी प्लेअरमधला तर ७८० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला जेमतेम दिसतो, त्यामुळे पापणी मिटायचं कारणच उरत नाही.

सर्किट_सांगली | सोमवार, संध्याकाळी ७.४५

काका, पुढच्या सेमिस्टरला मला ऑप-अँप (प्रवर्धक चिप) आणि मॉस्फेट (व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर) यांचा ड्रायव्हर करायचाय. त्यातही हाच धोका असतो का?

तांब्याची_तार | सोमवार, रात्री ८.१५

असतो, आणि वर आणखी एक. भार सुटला की ऑप-अँप मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या पायाला, पूर्ण उघडून ठेवतो, भार परत आला की तो सावरेपर्यंत मोकळं रान. आणि गेटच्या कपॅसिटन्समुळे सर्किट आपणहून आंदोलनं घेऊ लागतं. मीटरवर सरासरी ३० दिसते आणि प्रत्यक्षात करंट शून्य ते साठ असा नाचत असतो. गेटच्या आधी १०० ओम टाक, ऑप-अँपच्या आउटपुटवरून उलट्या इनपुटला लहान कपॅसिटर दे, आणि नकली भारावर स्कोप लावल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. लिब्रेक्ट आणि हॉल यांचा १९९३ चा लेख कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळव, 'रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स' मधला. कमी खळखळीच्या करंट ड्रायव्हरवर आहे. आमच्या बाकावर त्याची झेरॉक्स असायची, कडा काळ्या पडलेली. पहिल्या वाचनात सगळं कळणार नाही, तरी वाच.

भौतिकशास्त्रवाली_कराड | पुढचा रविवार, दुपारी ४.३०

काका, डॉक्टरताई आणि सगळेच, मनापासून आभार. आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी मेलेले दोन डायोड अंधारात पाहिले. दोन्ही ठिपके सपाट, दाणा म्हणून नाही. तिसऱ्या मॉड्यूलचा डायोड अजून त्याच्या ९१ ओमसकट होता, तो शेजारी पाडला तर लख्ख रवाळ. इतकी वर्षं लेझर वापरतेय, पण ते दाणे मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

नवा बोर्ड व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या, सोल्डर करायच्या पाटीवर) बांधला, काकांनी सांगितला तसा. तीन १एन४००७ च्या नकली भारावर टिचकी मारली तर आकडा ३० वरून १२ वर जाऊन परत आला! ट्रिमपॉटचा मधला पाय नुसता टेकलेला होता, सोल्डर धरलेलंच नव्हतं. पुन्हा जोडला. नंतर अर्धा तास २९.९ ते ३०.०, तारा हलवून, बोर्ड उलटा करून. तो कच्चा सांधा खऱ्या डायोडवर कळला असता तर या विचारानेच पोटात गोळा आला.

तिसऱ्या डायोडचा ९१ ओम काढताना सोल्डरिंग आयर्नचा प्लग उपसून ठेवला होता. पाय तांब्याच्या तारेने बांधलेले. मग कपॅसिटर, १एन४१४८, शॉर्टचा स्विच. पॉट तळाला. शॉर्ट उघडला तेव्हा ९.५ मिलीअँपिअर, आणि कागदावर लालसर पुसट डाग.

हे सगळं शुक्रवारी प्रयोगशाळेत मुलांसमोर केलं, म्हणून पुढचं जरा मोठं लिहिते. त्या मुलीला, जिने "खरं कोणतं" विचारलं होतं, पॉट फिरवायला बसवलं. दुसरी मुलगी १ ओमवरचे मिलीव्होल्ट मोठ्याने वाचत होती, एक मुलगा फोटोडायोडचे. पोलरॉइड अजून मध्ये नव्हते. १० मिलीअँपिअरला ०.३ मिलीव्होल्ट. १५ ला ०.७. १८ ला १.४. मुलं कंटाळली होती, एकाने तर "मॅडम, हा पण गेला" असं म्हटलं. १९ ला ३. मग तिने पेचकस जरासाच फिरवला आणि २० ला एकदम १७. कागदावरच्या डागाला मध्ये अणकुचीदार टोक आलं आणि ते दाणे सळसळायला लागले. वर्गात कोणी बोललंच नाही. ती पेचकस तसाच धरून बसली होती. मग तिने तो हळूच उलटा फिरवला. दाणे विझले. पुन्हा पुढे, दाणे आले. असं तिने चार वेळा केलं आणि मी थांबवलं नाही.

२२ ला ४९, २४ ला ८१, २६ ला ११२. आलेखावर घेतलं तर १९ च्या जवळ रेषा अशी मोडते की पट्टी ठेवायलाही नको. आम्ही २६ वरच थांबलो, ३० ची गरजच वाटली नाही.

काकांनी सांगितली तशी दहा मिनिटं वाट पाहिली, मग पोलरॉइड लावले. शून्य अंशावर ८४.० मिलीव्होल्ट. ३० ला ६२.७, ४५ ला ४२.३, ६० ला २१.४, ९० ला ०.५. पाऊण तासाने परत शून्य अंशावर आलो तर ८३.२. एक टक्क्याच्या आत.

डॉक्टरताई, टेबलाखाली विटा होत्या त्या काढून टेबल खाली आणलं, आता किरण मुलांच्या छातीच्याही खाली जातो. पहिल्या पोलरॉइडवरून परत येणारा ठिपका शोधला तर तो थेट दारावर, येणाऱ्याच्या तोंडासमोर पडत होता. पोलरॉइड किंचित तिरपा करून तो काळ्या पुठ्ठ्यावर घेतला.

काका, एक शंका राहिली. शनिवारी दुपारी खोली फार तापली होती, तेव्हा त्याच २६ मिलीअँपिअरला शून्य अंशाचं वाचन ७६ च आलं. हा तुम्ही म्हणालात तो चढणारा उंबरठाच ना? मुलांनी ठरवलंय की पुढच्या आठवड्यात डायोडच्या नळीला थर्मामीटर बांधून सकाळी ८ पासून दर तासाला उंबरठा मोजायचा. त्यांना काही विशेष काळजी घ्यायला सांगू का?

तांब्याची_तार | रविवार, संध्याकाळी ६.०५

ताई, उंबरठाच तो. थर्मामीटरचा फुगा नळीला लावताना मध्ये थोडी उष्णता वाहून नेणारी पेस्ट द्या, आणि वर कापूस गुंडाळा म्हणजे पंख्याची हवा लागणार नाही. तुमच्या आलेखाच्या हिशेबाने मिलीअँपिअरमागे १६ मिलीव्होल्ट येतात, पोलरॉइडमधून गेल्यावर त्यातले १२. आठ मिलीव्होल्ट कमी झाले म्हणजे उंबरठा साधारण पाऊण मिलीअँपिअर सरकला. मुलांना तो सकाळ-दुपारमध्ये नक्की सापडेल. दर तासाला पॉट तळापासून चढवायचा, वरून उतरवत आणायचा नाही, म्हणजे प्रत्येक वेळी डायोड सारखाच तापलेला असेल.

आणि त्या पेचकसवाल्या मुलीचा आलेख इथे टाका. मला पाहायचाय.